दरडीचे गणित : भोर-वेल्ह्यातील सांधेदार कातळ आणि त्याच्या स्थैर्याची मोजणी

आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत दरडीच्या गणितावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्या हजेरीपटातच आहे. भोर आणि वेल्हे भागांतील वाड्या-वस्त्यांवरून आलेली मुले आपल्या वसतिगृहात राहतात. त्यांपैकी कित्येकांची घरे कड्याच्या पायथ्याशी किंवा डोंगराच्या सोंडेवर आहेत. आषाढ-श्रावणात पाऊस धरून बसला, की मुलांना भेटायला येणारे पालक अडकून पडतात आणि इकडे मुलांच्या जिवाला घरच्यांचा घोर लागतो. "गुरुजी, आमच्यावरचा कडा टिकंल का?" हा प्रश्न आम्हाला पालकांनी अनेकदा विचारला आहे. विज्ञान शिकविणाऱ्यांनी या प्रश्नाला 'देव जाणे' असे उत्तर देणे शोभत नाही, आणि 'नक्की टिकेल' असे म्हणणे तर त्याहूनही अयोग्य. या प्रश्नाचा हिशेब कसा मांडतात, त्यातून काय कळते आणि कोणते काम आपल्यालाच करावे लागते, हे सांगण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

आपला कातळ

तोरणा, राजगड, रोहिडा, रायरेश्वर हे सारे डोंगर एकाच जातीच्या खडकाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर साचत गेला. त्यातून दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. लांबून पाहिले असता आपल्या डोंगरांना पायऱ्या पडल्यासारख्या दिसतात. उभा कडा म्हणजे लाव्ह्याचा घट्ट, कठीण थर आणि दोन कड्यांमधला हिरवा उतार म्हणजे सच्छिद्र, लवकर झिजणारा थर. कोठे कोठे दोन थरांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा मातकट पट्टाही आढळतो.

तप्त लाव्हा थंड होताना आकसतो, आणि आकसताना त्याला चिरा पडतात. वाळलेल्या तळ्याच्या चिखलाला भेगा पडतात तसाच हा प्रकार असतो. या चिरांना भूशास्त्रात 'सांधे' म्हणतात. आपल्या कड्यांत उभे सांधे पुष्कळ असतात, आणि थरांच्या सीमेवर आडवे सांधे असतात. त्यामुळे जो कडा आपल्याला एकसंध भिंतीसारखा भासतो, तो प्रत्यक्षात चुन्याशिवाय रचलेल्या गडगा-बंदीसारखा असतो. त्यातला एकेक दगड फार मजबूत असतो, आणि कमजोरी असते ती दगडादगडांमधल्या सांध्यांत. म्हणून कड्याचे स्थैर्य तपासताना 'दगड किती कठीण' यापेक्षा 'सांधा कोणत्या दिशेला, किती कललेला आणि त्यात काय भरलेले' हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

दरड आणि घसरण

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गाव गाडले गेले आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी वरंध घाटाच्या पलीकडे, महाड तालुक्यात, तळिये येथे ऐंशीहून अधिक जीव गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर आला. या तिन्ही ठिकाणी मुख्यतः कातळावरची माती, मुरूम आणि झिजलेले दगड पाण्याने भिजून एकदम खाली वाहून आले. ही घसरण होय. तिचे गणित मातीच्या शास्त्राने मांडतात.

कड्यातला धोंडा किंवा खांबच्या खांब सांध्यांतून सुटून खाली येतो, तो प्रकार निराळा. भोरहून महाडकडे जाताना वरंध घाटात रस्त्यावर येऊन पडणारे मोठाले दगड अनेकांनी पाहिले असतील. पावसाळ्यात हा घाट जड वाहनांना, आणि काही वेळा सर्वच वाहनांना, बंद करण्याचा आदेश निघतो, त्यामागे हेही एक कारण आहे. या लेखातील हिशेब या दुसऱ्या प्रकाराचा, म्हणजे सांधेदार कातळाचा आहे. पण एकाच डोंगरावर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असू शकतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

एका धोंड्याचा हिशेब

दहावीच्या विद्यार्थ्याला करता येईल असा एक हिशेब घेऊ. १०० टन वजनाचा एक धोंडा एका कललेल्या सांध्यावर बसला आहे. सांधा दरीच्या बाजूला ३५ अंशांनी कलला आहे. धोंड्याच्या वजनाचे दोन भाग पडतात. सुमारे ५७ टनांचा भाग धोंड्याला उतारावरून खाली ओढतो, आणि सुमारे ८२ टनांचा भाग त्याला सांध्यावर दाबून धरतो. या दाबामुळे घर्षण निर्माण होते. कोरड्या, खडबडीत सांध्याचा घर्षण कोन ४० अंश धरला, तर घर्षणाचा गुणक ०.८४ येतो. ८२ ला ०.८४ ने गुणले, की सुमारे ६९ टनांची पकड मिळते. धरून ठेवणाऱ्या बलाला ओढणाऱ्या बलाने भागले असता जो आकडा येतो, त्याला 'सुरक्षा गुणांक' म्हणतात. येथे तो १.२० आहे. गुणांक १ पेक्षा अधिक आहे तोवर धोंडा बसून राहतो, आणि तो १ च्या खाली आला की सुटतो.

आता पाऊस आला असे समजा. धोंड्याच्या तळाचे क्षेत्रफळ १० चौरस मीटर आहे, आणि मागच्या चिरेतून पाणी शिरून तळच्या सांध्यात सरासरी २ मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब निर्माण झाला आहे. म्हणजे दर चौरस मीटरला २ टन, एकूण २० टन. हा दाब धोंड्याला खालून उचलून धरतो. दाबून धरणारे ८२ टन होते, त्यांतले २० गेले, ६२ उरले. पकड ५२ टनांवर आली, पण ओढणारे ५७ टन मात्र तसेच राहिले. गुणांक झाला ०.९१. धोंडा निसटला.

या हिशेबात दगडाचे वजन, त्याचा कठीणपणा आणि सांध्याचा उतार यांपैकी काहीही बदललेले नाही. पाणी तेवढे आले. नेमकी किती उंची घातक, हेही काढता येते. सरासरी १.३६ मीटरचा दाब झाला की गुणांक बरोबर १ होतो. आठवीतल्या मुलाच्या हनुवटीइतक्या पाण्याने १०० टनांचा धोंडा सुटू शकतो. उलट, सांध्यातले पाणी वाहून जायला वाट करून दिली आणि दाब अर्ध्या मीटरवर राखला, तर गुणांक १.१३ राहतो आणि धोंडा जागेवर राहतो.

कलंडणारा खांब

आपल्या कड्यांत उभे सांधे पुष्कळ असल्याने घसरण्याखेरीज आणखी एक धोका असतो, तो कलंडण्याचा. १० अंश कललेल्या तळावर १ मीटर जाडीचा एक दगडी खांब उभा आहे. १० अंशांच्या उतारावर तो घसरणार नाही, कारण घर्षण त्याला सहज धरून ठेवते. पण खांब उंच असेल तर त्याच्या वजनाची रेषा तळाच्या बाहेर पडते. ५ मीटर उंचीचा खांब उभा राहतो, ६ मीटर उंचीचा कलंडतो. नियम सोपा आहे : जाडीला उंचीने भागून येणारा आकडा उताराच्या टॅन्जंटपेक्षा लहान झाला, की तोल गेला.

येथेही पाणी आपला वाटा उचलते. अगदी सपाट तळावर ५ मीटर उंच आणि १ मीटर जाड खांब उभा आहे आणि त्याच्या मागची चीर पावसाने भरत चालली आहे. चिरेतल्या पाण्याची उंची दुप्पट झाली की त्याचा धक्का चौपट होतो, आणि उलथविण्याची शक्ती आठपट. हिशेब केला असता, पाणी सुमारे ३.४ मीटरपर्यंत चढले की हा खांब पुढे उलथतो. कड्याखालचा मऊ थर झिजून खांबाचा पाया आत गेला असेल, तर त्याहून कमी पाणीही पुरते. म्हणूनच दिवसभर रिपरिपणाऱ्या पावसापेक्षा काही तासांत चिरा भरून टाकणारा पाऊस कड्यांना अधिक घातक ठरतो.

एका धोंड्याकडून हजार धोंड्यांकडे

आतापर्यंत आपण एकच धोंडा घेतला. खऱ्या कड्यात हजारो धोंडे असतात आणि ते एकमेकांना टेकलेले असतात. खालचा एक सरकला की वरच्या तिघांचा आधार बदलतो, आणि त्या तिघांचे वजन शेजारच्यावर पडते. हा हिशेब हाताने होत नाही, म्हणून संगणकीय पद्धती आल्या. त्यांचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग सान्त घटक पद्धतीचा, म्हणजे फायनाइट एलिमेंटचा. यात डोंगराच्या उभ्या छेदाचे चित्र लहान लहान त्रिकोण-चौकोनांत विभागतात आणि प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो व तो किती दबतो याची समीकरणे एकत्र सोडवितात. सांध्यांसाठी निराळा, अतिशय पातळ घटक ठेवतात. असा सांधा-घटक रिचर्ड गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये मांडला. या पद्धतीत सुरक्षा गुणांक काढण्याची एक सुबक युक्ती आहे. सांध्याची ताकद संगणकातच थोडी थोडी कमी करीत जायचे आणि कडा कधी ढळतो ते पाहायचे. आपल्या धोंड्याचा घर्षण-गुणक ०.८४ होता. त्याला १.२ ने भागले तर ०.७० उरतो, आणि ३५ अंशांच्या उताराचा टॅन्जंटही ०.७० च आहे. म्हणजे ताकद १.२ ने भागल्यावर धोंडा ढळतो, आणि तोच त्याचा सुरक्षा गुणांक. एका धोंड्यासाठी ही युक्ती अनावश्यक आहे, पण हजार धोंड्यांच्या कड्यात कोठून तुटेल हे आधी ठाऊक नसते, तेथे ती फार उपयोगी पडते.

दुसरा मार्ग सुट्या घटकांच्या पद्धतीचा, म्हणजे डिस्टिंक्ट एलिमेंटचा. पीटर कन्डॉल यांनी तो १९७१ मध्ये मांडला. यात कडा एकसंध न मानता सुट्या धोंड्यांची रास मानतात. जेथे दोन धोंडे टेकतात तेथे जणू एक स्प्रिंग आणि घर्षण आहे असे धरतात. मग न्यूटनचा दुसरा नियम लावून प्रत्येक धोंडा एका अतिसूक्ष्म क्षणात किती हलेल हे काढतात. नव्या जागी पुन्हा स्पर्श तपासतात, पुन्हा बल, पुन्हा हालचाल. असे लाखो क्षण मोजले, की कडा स्थिरावतो की कोसळतो, कोणता धोंडा प्रथम सुटतो आणि तो किती लांब जातो, हे पडद्यावर दिसते. आपल्या दख्खनच्या उभ्या सांध्यांच्या कड्याला हा मार्ग विशेष मानवतो, कारण त्यात धोंडा फिरू शकतो, कलंडू शकतो आणि शेजाऱ्यापासून पूर्ण सुटू शकतो. पुढे गेन-हुआ शी यांनी गुडमन यांच्यासह १९८० च्या दशकात खंडांचे गणित आणखी विकसित केले. कोणता धोंडा भूमितीच्या दृष्टीने सुटूच शकत नाही आणि कोणता 'किल्लीचा' आहे, म्हणजे तो निघाला की मागचे सारे निघतात, हे त्यातून ओळखता येते.

संगणकाला काय ठाऊक नसते

ही सारी यंत्रणा प्रभावी असली, तरी तिच्या मर्यादा सांगणे आमचे कर्तव्य आहे. संगणकाला कडा दिसत नाही. आपण जे आकडे देऊ तेच त्याचे जग. आपल्या धोंड्याचा सांधा ३५ ऐवजी प्रत्यक्षात ४० अंशांचा निघाला, तर कोरड्यातही गुणांक १.२० वरून १ वर येतो. मोजताना पाच अंशांची चूक झाली, एवढेच कारण. सांध्यात तांबडी चिकण माती भरलेली असली आणि घर्षण कोन २५ अंशांवर आला, तर तोच गुणांक ०.६७ होतो. संगणक कितीही मोठा असो, ही चूक तो दुरुस्त करू शकत नाही. उलट ती तीन दशांश स्थळांपर्यंत नेटकी छापून देतो, आणि वाचणाऱ्याला ती खरी वाटते.

म्हणून या कामातला सर्वांत मोठा भाग डोंगरावरच होतो. होकायंत्र आणि कोनमापक घेऊन शेकडो सांध्यांची दिशा व कल मोजावे लागतात. सांध्याचा खडबडीतपणा पाहावा लागतो. निक बार्टन यांनी त्यासाठी ० ते २० अशी मोजपट्टी सुचविली आहे. गुळगुळीत सांध्याला शून्याजवळचा आकडा मिळतो, अतिशय खडबडीत सांध्याला विसाजवळचा. पाणी कोठून शिरते, कोठे झिरपते, किती तासांनी ओसरते, हे तर पावसात तेथे असणाऱ्यालाच दिसते.

पाण्याला वाट देणारे जुने हात

पाण्याविषयीचे हे शहाणपण संगणकाबरोबर आलेले नाही. नीरेच्या पलीकडे शिरवळजवळची बौद्ध लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत, आणि सहलीत आपण कार्ले-भाजेही पाहतो. कान्हेरीला गेल्यास कातळात कोरलेले पाट आणि पाण्याची टाकी आवर्जून पाहावीत. प्राकृत शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. डोंगरावर पडणारे पाणी पाटांनी वळवून टाक्यांत नेल्याने भिक्खूंना वर्षभराचे पाणी मिळे, आणि तेवढे पाणी कातळावर कोठेही न पसरता ठरलेल्या वाटेने जाई. त्या पाथरवटांकडे आपली समीकरणे नव्हती, पण कातळाची चीर आणि पाण्याची वाट यांच्याकडे त्यांचे बारीक लक्ष होते, हे त्यांच्या कामावरून दिसते.

आजचे उपायही याच दिशेने जातात. कड्याच्या माथ्यावर पाणी अडवून बाजूला नेणारे चर, कड्यात आडवी छिद्रे पाडून सांध्यांतले पाणी काढणाऱ्या नळ्या, सुटा दगड आधीच काढून टाकणे, लोखंडी सळ्यांनी धोंडा मागच्या कातळाला शिवणे, आणि पडणारा दगड अडविणाऱ्या जाळ्या. जुलै २०१५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळल्यानंतर तेथील कड्यांवर बसविलेल्या जाळ्या प्रवासात दिसतात. द्रुतगती मार्गाला मिळाले ते वाडीच्या पायवाटेला लगेच मिळेल असे नाही. म्हणून कोणत्या कड्याला आधी हात घालायचा, हे ठरविण्यासाठी विश्वासार्ह नोंदी हव्यात.

वहीतली नोंद

येथे आपल्या माजी विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे काम सुरू होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था दरडप्रवण भागांचे नकाशे करते. पण प्रत्येक वाडीवरच्या प्रत्येक चिरेजवळ तज्ज्ञ बसून राहू शकत नाही. गावकरी मात्र तेथेच असतात. पावसाळ्यापूर्वी, कोरड्या दिवसांत आणि सुरक्षित जागेवरून, पुढील गोष्टी करता येतील.

पहिली गोष्ट, चिरेचे मोजमाप. घराच्या वरच्या अंगाला जमिनीत किंवा कातळात चीर असेल, तर तिच्या दोन्ही काठांवर रंगाची खूण करावी, मधले अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. महिन्याला एखादा मिलिमीटर वाढ आणि दिवसाला दोन मिलिमीटर वाढ यांत फार अंतर आहे. वेग वाढत जाणे ही सर्वांत वाईट खूण. समजा चीर पहिल्या दिवशी २, दुसऱ्या दिवशी ३ आणि तिसऱ्या दिवशी ६ मिलिमीटर वाढली. या वेगांचे व्यस्त आकडे एक द्वितीयांश, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश. ते दररोज एक षष्ठांशाने उतरत आहेत, म्हणजे चौथ्या दिवशी शून्य. जपानी संशोधक फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार हा कोसळण्याचा अंदाज समजतात. अंदाजच तो. त्याची वाट पाहत घरात थांबू नये. दुसऱ्या दिवशीची वाढ पहिल्यापेक्षा अधिक दिसली, तेव्हाच घर सोडावे.

दुसरी गोष्ट, पाण्याची नोंद. नेहमीचा झरा एकाएकी आटणे, नव्या जागी पाणी फुटणे, स्वच्छ पाणी गढूळ होणे, झाडे किंवा खांब कलणे, वरून बारीक खडे पडत राहणे, या खुणा दिसताच मुले, म्हातारी माणसे आणि गुरे हलवावीत, आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षास १०७७ या क्रमांकावर कळवावे.

तिसरी गोष्ट आपल्या विज्ञान प्रयोगशाळेसाठी. काळ्या दगडाचे दोन सपाट तुकडे एकावर एक ठेवून फळी हळूहळू उचलावी. वरचा तुकडा सरकू लागतो त्या क्षणी फळीचा कोन मोजावा. हाच त्या पृष्ठभागांचा घर्षण कोन. मग तुकड्यांमध्ये ओल्या तांबड्या मातीचा पातळ थर देऊन प्रयोग पुन्हा करावा. दोन कोनांतला फरक ज्या मुलाने स्वतःच्या हाताने मोजला, त्याला घराच्या वरची चीर निराळी दिसू लागते.

पालकांच्या प्रश्नाला आमचे उत्तर आता असे आहे : कडा टिकेल की नाही हे पाहून सांगता येत नाही, पण सांध्याचा कल, त्यातली माती आणि पाण्याची उंची मोजली तर पुष्कळसे सांगता येते. पूर्ण खात्री गणितही देत नाही. मात्र कोणत्या रात्री घरात झोपू नये, हे ठरविण्यास ते मदत करते. आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेल्यांत आज अभियंते आहेत, शिक्षक आहेत, ग्रामपंचायतींत काम करणारेही आहेत. त्यांनी आपापल्या वाडीवर येत्या वैशाखात एक वही सुरू करावी, आणि तिची एक प्रत विद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी, अशी आमची विनंती आहे. त्या वह्यांतील आकडे एक दिवस एखाद्या संशोधकाच्या संगणकात जातील. तोवर त्या वाडीच्याच उपयोगी पडतील.